दंडाचा भुर्दंड

दिवाळी अंकात रोगाविषयी लिहू नये, फराळाच्या ताटाशेजारी औषधाची बाटली ठेवू नये, असा एक संकेत आहे आणि तो मला मान्य आहे. पण मी आज रोगाविषयी लिहीत नसून एका आकड्याविषयी भांडणार आहे, आणि या भांडणाला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. परगावी नोकरीला असलेले चिरंजीव याच चार दिवसांत घरी येतात. वर्षभर जिममध्ये घाम गाळलेला असतो, सदरा दंडावर तटतटलेला असतो, आई कौतुकाने दृष्ट काढते, आणि मग कोणी तरी काका नवे घेतलेले रक्तदाबाचे यंत्र कपाटातून काढून म्हणतात, "बघू रे, तुझा किती येतो." यंत्र घुरघुरते आणि आकडा दाखवते : १५६ आणि ९२. चकल्या ताटातच राहतात व घरात दोन पक्ष पडतात.

पहिला पक्ष घाबरटांचा. त्यात आई, आजी आणि शेजारच्या वहिनी असतात. "ते वजन उचलणे आधी बंद कर," हा त्यांचा ठराव. दुसरा पक्ष फुशारक्यांचा. त्यात चिरंजीव स्वतः, त्यांचे मित्र आणि जिममधले गुरुजी. "अहो, हा काय कारकुनाचा दंड आहे? एवढ्या दंडात आकडा जास्त येणारच. यंत्र चुकते," हा त्यांचा युक्तिवाद. तीस-पस्तीस वर्षे दवाखाना चालवून मी दोन्ही पक्षांची वकिली ऐकली आहे. दोघांच्याही हातात सत्याचा एकेक तुकडा आहे, आणि तो तुकडा दाखवून दोघेही उरलेले सत्य झाकतात, ही माझी तक्रार आहे.

फुशारक्यांच्या हातातला तुकडा आधी पाहू, कारण तो खरोखरीचा आहे. दंडाला गुंडाळायच्या त्या पट्ट्याला इंग्रज लोक कफ म्हणतात. आपल्या वात-पित्ताच्या सोबत्याशी त्याचा संबंध नाही. कापडाच्या आत रबराची पिशवी असते. तिच्यात हवा भरली की ती दंडातली रोहिणी दाबते, आणि रक्त थांबायला किती दाब लागला ते यंत्र सांगते. पिशवी दंडाच्या मानाने तोकडी असली तर तिचा जोर आतल्या रोहिणीपर्यंत पुरता पोचत नाही. मग जास्त हवा भरावी लागते आणि आकडा फुगतो. इटलीतल्या तुरीन शहरी रिवा-रोची नावाच्या डॉक्टराने १८९६ साली दंडाचा पट्टा प्रचारात आणला तेव्हा तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्टा खोटा चढा आकडा देतो हे १९०१ साली फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन संशोधकाने दाखवून दिले. म्हणजे चूक सापडून सव्वाशे वर्षे होत आली, आणि आमच्या कितीतरी दवाखान्यांत अजून एकच पट्टा आहे. तो सुतारकाम करणाऱ्या बाप्याला, त्याच्या किडकिडीत बायकोला आणि त्याच्या पैलवान पोराला सारखाच गुंडाळला जातो. चपला विकणारा दुकानदारसुद्धा पायाचे माप विचारतो. आम्ही डॉक्टर लोक दंडाचे विचारत नाही.

नियम कठीण नाही. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर शिंप्याची टेप लावायची. पिशवीची लांबी त्या घेराच्या निदान ८० टक्के हवी. नेहमीचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराला चालतो. ३५ ते ४४ असेल तर मोठा घ्यावा, त्याहून जास्त असेल तर त्याहून मोठा. ज्या १६ इंची दंडाची छायाचित्रे आमचे चिरंजीव मित्रांना पाठवितात, तो झाला ४० सेंटिमीटरच्या वर. त्याला काकांच्या यंत्राबरोबर आलेला पट्टा लावणे म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची टोपी आजोबांना घालणे.

इथे फुशारके टाळ्या पिटतील. त्यांनी जरा थांबावे. चुकीच्या पट्ट्याने आकडा किती फुगतो, हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी मोजून पाहिले आणि २०२३ साली प्रसिद्ध केले. १९५ माणसांना योग्य आणि अयोग्य असे दोन्ही पट्टे लावून पाहिले होते. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा लावला, तर वरचा आकडा सरासरी सुमारे २० नी फुगला. हा आकडा जिमवाल्यांना तोंडपाठ आहे. पण ज्यांना नुसता मोठा पट्टा हवा होता, म्हणजे आमच्या १६ इंची दंडाच्या जातीचे, त्यांचा फुगवटा होता सरासरी ५ चा! १५६ मधून ५ वजा करा. उरले १५१. पट्ट्याचा गुन्हा कबूल. पण सगळा आरोप त्याच्या माथी मारता येत नाही.

मग बाकीचे कुठून आले? काही मोजण्याच्या बेशिस्तीतून. काकांनी मोजले तेव्हा पोरगा पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत बसला होता, हात मांडीवर, पाठीला टेकू नाही, तोंडाने गप्पा चालू, पोटात दोन कप कॉफी. हात हृदयाच्या पातळीखाली जितके इंच, तितक्या दुप्पट आकड्यांनी दाब वाढतो. बोलण्याने वाढतो, तुंबलेल्या लघवीनेही वाढतो. आमच्या गावच्या तालमीत जोर काढून आलेल्या पोराला उस्ताद घटकाभर मातीत बसवून ठेवीत. त्या घटकाभराची अक्कल दवाखान्यातही हवी. व्यायाम, चहा-कॉफी, तंबाखू यांना निदान अर्धा तास लोटलेला असावा, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, हात टेबलावर छातीच्या पातळीला असावा, आणि मिनिटा-मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी करून सरासरी काढावी. ती १३५ आणि ८५ च्या खाली राहिली तर आजीने निश्चिंत व्हावे. एका आकड्यावर जन्माची गोळी लिहून देणारा डॉक्टर आणि एका आकड्यावर हसणारा पैलवान, दोघेही सारखेच घाईचे.

घाबरटांचे काय? त्यांच्या हातातला तुकडा १९८५ सालचा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीतच नळी घालून वजन उचलताना दाब मोजला. पायांनी वजन ढकलताना तो सरासरी ३२० आणि २५० झाला! वाचून कोणाचीही छाती दडपावी. पण वजन खाली ठेवल्यावर काही क्षणांतच तो उतरतो, हेही तिथेच दिसले. अंगात ताकद येण्याने दाब कायमचा चढतो असे कोणी दाखविलेले नाही; उलट नेमाने व्यायाम केला तर बसल्या वेळचा दाब उतरतो. २०२३ साली २७० प्रयोगांचा एकत्रित हिशेब झाला, त्यात भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीत स्थिर राहण्यासारख्या व्यायामाने वरचा आकडा सरासरी ८ नी उतरलेला दिसला. तेव्हा "जिम बंद कर" हा ठराव रद्द समजावा. आकडे फार चढे असतील तेवढ्या दिवसांत जड वजने आणि श्वास कोंडून जोर लावणे थांबवावे, इतकाच अपवाद.

फुशारक्यांची आणखी एक पळवाट बुजवून टाकतो. तरण्या, उंच, व्यायामी पोरांच्या रोहिण्या लवचिक असतात; हृदयातून निघालेली लाट दंडापर्यंत येताना उंचावते आणि नुसता वरचाच आकडा चढा दिसतो, म्हणून ते खोटे दुखणे आहे, असे म्हणणारे विद्वान आहेत. असतील. पण शिकागोत सुमारे २७,००० तरुण व प्रौढ माणसांचा ३१ वर्षे पाठपुरावा करून २०१५ साली जो हिशेब मांडला, त्यात नुसता वरचा आकडा चढा असणारेही, दाब बेताचा असणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने जास्त मेले. शिवाय आमच्या चिरंजीवांचा खालचा आकडा ९२ आहे. त्याला ही पळवाट मुळातच लागू नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी उचलली तिच्याकडे येतो. पट्टा योग्य लावला, पाठ टेकवली, आठवडा मोजले, तरी आकडा १५० च्या आसपास रेंगाळतो. अशा वेळी मी बापाला बाहेरच्या बाकावर बसवतो आणि दार लावून पोराला विचारतो, "सुई घेतोस का?" बापासमोर या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही. एक चोविशीचा मुलगा बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, फक्त बारा आठवड्यांचा कोर्स होता." कोर्स! जणू टायपिंगचा. त्याच्या गुरुजींनी त्याला डब्यातल्या पुडीपासून सुईपर्यंत नेले होते, पण रक्तदाब मोजून घे, असे एकदाही सांगितले नव्हते.

पुरुषी संप्रेरकाच्या या कृत्रिम औषधांनी शरीरात मीठ-पाणी साठते, रक्त दाट होते, चांगले कोलेस्टेरॉल घसरते आणि हृदयाची भिंत जाड होते. नेदरलंड्समधल्या हार्लेम शहरी ती आपखुशीने घेणाऱ्या १०० हौशी पुरुषांची पाहणी झाली. औषध चालू असताना वरचा आकडा सरासरी ७ नी चढला, थांबविल्यावर उतरला. सात म्हणजे किरकोळ, असे कोणी म्हणेल. पण त्याच काळात हृदयाची रक्त फेकण्याची शक्तीही घटली होती, आणि तिची कल्पना आरशात बघून येत नाही. आरशात फक्त दंड दिसतो.

सुई नसेल तर व्यायामाआधी घेतलेली कॅफिनची पुडी असते, सांधे दुखतात म्हणून रोज गिळलेली वेदनाशामक गोळी असते, नाही तर जाड मानेचे घोरणे आणि झोपेत अडणारा श्वास. हेही नसेल तर मूत्रपिंड, त्याची रोहिणी, अधिवृक्क ग्रंथी तपासाव्या लागतात. हातापेक्षा पायात दाब कमी आहे का, हे पाहावे लागते, कारण महारोहिणी जन्मतःच अरुंद असलेला मुलगाही दणकट दिसू शकतो. विशी-तिशीतल्या चढ्या दाबाला कारण शोधल्याशिवाय सोडू नये, हे आम्हाला शिकवलेले असते. पण भरलेला दंड पाहिला की आम्हीही घरच्यांसारखेच भुलतो. "एवढी तब्येत, याला काय धाड भरली?" असे म्हणून पोराच्या पाठीवर थाप मारतो आणि पुढच्या रोग्याला हाक देतो. आपल्याकडे 'तब्येत' म्हणजे आरोग्य आणि 'तब्येत' म्हणजे देहाची भरणी, दोन्हींना एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने किती पोरांची तपासणी चुकवली असेल!

यावर माझे व्यवसायबंधू म्हणतात, मोठा पट्टा लागणारे रोगी दिवसात किती येतात? त्यासाठी वेगळा खर्च कोण करणार? तर बंधूंनो, तो पट्टा त्याच पोराच्या महिन्याच्या प्रोटीनच्या डब्याहून स्वस्त येतो, आणि टेप तर घरातल्या शिवणाच्या डब्यात आहेच. जिमच्या मालकांनाही माझे हेच सांगणे आहे. भिंतीवर एवढे आरसे लावलेत, त्यांतल्या एकाच्या पैशांत एक यंत्र आणि दोन पट्टे येतील. ते दाराशी टेबलावर ठेवा, शेजारी पाठ टेकायची खुर्ची ठेवा, आणि पोरगा आत शिरताना पाच मिनिटे तिथे बसवा.