मीटिंगनंतरचा एक तास

महिन्यातून दोनदा दिल्ली, एकदा बंगळुरू. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे बुवा हिची! प्रत्यक्षात आपण बघतो काय? एअरपोर्ट, टॅक्सी, कॉन्फरन्स रूम, हॉटेलातला तोच तो ब्रेकफास्ट आणि परत एअरपोर्ट. दहा वेळा दिल्लीला जाऊन आलेल्याला विचारा, ‘कशी आहे दिल्ली?’ उत्तर येतं, ‘ट्रॅफिक फार!’

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय. दर टूरला एक म्युझियम. आणि तिथेही फक्त एक तास.

‘वेळ कुठाय?’ असं म्हणू नका. मीटिंग तीनला संपते, फ्लाइट नऊची असते. मधला वेळ लाउंजमध्ये मेल चेक करण्यात जातो. कंपनीने तिकीट काढलं म्हणून ते अख्खं शहर काही कंपनीचं होत नाही!

दिल्लीचंच घ्या. इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. १९५४ मध्ये सुरू झालेली. सगळी बघायला जाल तर पाय तेवढे दुखतील, डोक्यात काही राहणार नाही. मी थेट अमृता शेरगिल गाठते. तिच्या चित्रांचा मोठा संग्रह इथे आहे. ‘थ्री गर्ल्स’ १९३५ चं. तीन मुली शेजारी शेजारी बसल्यात, पण कुणी कुणाशी बोलत नाही, आपल्याकडे बघतही नाही. मग ‘ब्राइड्स टॉयलेट’, १९३७ चं. या दोन चित्रांच्या मध्ये काय झालं, माहितीये? पॅरिसमध्ये शिकलेली ही मुलगी १९३६ मध्ये मुंबईमार्गे दक्षिणेच्या प्रवासाला निघाली आणि वाटेत तिने आपलं अजिंठा पाहिलं. त्याचा परिणाम पुढच्या चित्रांत दिसतो. एका प्रवासाने तिचा ब्रश बदलला. आपल्या प्रवासाने काय बदलतं? एक्स्पेन्स शीट!

ती १९४१ मध्ये गेली, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. आपल्यापैकी कितीजण त्या वयात अजून ‘सेटल झालो की छंद जोपासू’ म्हणत असतात. त्या चित्रांपुढे उभं राहिलं की हे वाक्य पुन्हा म्हणवत नाही.

हैदराबादला काम असेल तर सालारजंग म्युझियम. तिथे बेंझोनीची ‘व्हेल्ड रिबेका’ बघा, १८७६ ची. चेहऱ्यावरचा बुरखाही संगमरवराचाच, तरी आतला चेहरा दिसतो. बंगळुरूत पॅलेस रोडवर माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये नॅशनल गॅलरीची शाखा आहे.

आता थोडं प्रॅक्टिकल. दिल्ली आणि बंगळुरूच्या या गॅलऱ्या सोमवारी बंद, सालारजंग शुक्रवारी. लॅपटॉपची बॅग हॉटेलच्या रिसेप्शनवर ठेवून जा, खांदा मोकळा राहतो. मोबाइल सायलेंटवर. आणि एकटेच जा. बरोबरचा कलीग तिथेही टार्गेटचा विषय काढतो!

बॉसला काय सांगायचं? खरं तेच. काम संपलंय, म्युझियमला चाललेय. फार तर तो हसेल.

तेव्हा पुढच्या वेळी तिकीट बुक करताना एवढंच करा. परतीचं फ्लाइट दोन तास उशिराचं घ्या.