एसीपींना जरा सुट्टी द्या!

मंडळी, वाद पेटला तो बिर्याणीनंतर. शारजात एका मित्राकडे आम्ही सात-आठ जण सहकुटुंब जमलो होतो आणि विषय निघाला शॉन कॉनरीचा. जेम्स बाँड सोडल्यावर त्याने केलेली सर्वांत चांगली भूमिका कोणती? एकाने ‘द अनटचेबल्स’मधला म्हातारा पोलीस पुढे केला, कारण ऑस्कर त्याच भूमिकेला मिळालं. दुसऱ्याचं मत इंडियाना जोन्सच्या वडिलांना. कॉनरी हॅरिसन फोर्डपेक्षा जेमतेम बारा वर्षांनी मोठा, तरी बाप म्हणून शोभला की नाही? तिसऱ्याने ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’मधल्या सोव्हिएत पाणबुडीच्या कप्तानाचा झेंडा फडकवला. तो कप्तान अस्सल स्कॉटिश उच्चारात बोलतो, ही गोष्ट वेगळी! मी म्हटलं, यातलं काही नाही. १९७६ सालचा ‘रॉबिन अँड मॅरियन’ बघा. वीस वर्षांनी युद्धावरून परतलेला, केस पिकलेला, गुडघे कुरकुरणारा रॉबिन हूड, आणि समोर ऑड्री हेपबर्न. मला कोणी विचारलं नाही. वाद तासभर चालला.

शेवटी मी म्हणालो, ठीक आहे, आता हाच प्रश्न आपल्या शिवाजी साटम यांच्याबद्दल सोडवू. ‘सीआयडी’ सुरू झाल्यानंतर त्यांनी केलेली सर्वांत चांगली भूमिका कोणती?

शांतता. मग एक वहिनी प्रामाणिकपणे म्हणाल्या, “ते आणखी कशात होते का हो?”

मी हा लेख लिहायला घेतला तो त्या प्रश्नामुळे. राग वहिनींवर नाही. राग आहे तो आपल्या सगळ्यांच्या आळसावर, आणि त्यात मीही आलो.

‘सीआयडी’बद्दल माझी तक्रार नाही. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली ही मालिका २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली, पंधराशेहून अधिक भाग झाले. २००४ मध्ये तर तिचा १११ मिनिटांचा एक भाग कुठेही न तोडता, सलग एका शॉटमध्ये चित्रित झाला; त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. इथल्या कित्येक घरांत मुलं हिंदी शिकली ती याच मालिकेवर. (मराठी कशावर शिकली हे विचारू नका, तो दुसऱ्या लेखाचा विषय आहे.) २०२४ च्या डिसेंबरात मालिका पुन्हा सुरू झाली आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला, तेव्हा आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लोक खऱ्याखुऱ्या सुतकी चेहऱ्याने बोलत होते. पुढे ते पात्र परतलंही. म्हणजे बिचाऱ्यांना मरायचीही मोकळीक नाही!

आपण साटमांना हवेत बोटं फिरवणाऱ्या एका लकबीत कोंबून ठेवलंय. गणेशोत्सवात नकला होतात त्या लकबीच्या, प्रश्नमंजूषेत प्रश्न येतो तो लकबीवर. बँकेची नोकरी करता करता मराठी रंगभूमीवर उभा राहिलेला हा नट त्यापलीकडे काय करू शकतो, हे बघायची आपल्याला गरजच वाटत नाही. आणि हे आपल्याच माणसाच्या बाबतीत! कॉनरीला बाँडमधून बाहेर काढायला आम्ही आठ जण तासभर घसा कोरडा करतो.

तर आता तुलना करूच. ‘सीआयडी’नंतर दीडेक वर्षाने, १९९९ मध्ये महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ आला. संजय दत्तचा रघू सगळ्यांना आठवतो, रीमा लागूंची आई आठवते. बाप आठवतो? नामदेव, चाळीतला साधा माणूस. मुलगा हाताबाहेर गेला हे त्याला कळतं, आणि काही करता येत नाही हेही कळतं. साटम तिथे आवाज चढवून काही सिद्ध करायला जात नाहीत. घरात असूनही घराबाहेर पडल्यासारखा तो बाप नुसता वावरतो. गंमत बघा, ‘सीआयडी’त एसीपी आपल्या गुन्हेगार मुलाला स्वतः गोळी घालतात, ‘वास्तव’मध्ये ते आईला करावं लागतं, बापाच्या हातात ती ताकदच नाही. एकच नट, त्याच सुमाराला, एकाच दुःखाच्या दोन टोकांना उभा आहे. हे आपण कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं का?

‘दे धक्का’ (२००८) मात्र तुम्ही पाहिला असेल, पण मकरंद अनासपुरे आणि सिद्धार्थ जाधवसाठी. त्यातला आजोबा साटमांचा. मूळ कल्पना ‘लिटल मिस सनशाइन’ची, तिथल्या आजोबासाठी अ‍ॅलन आर्किनला ऑस्कर मिळालं, सहाय्यक अभिनेत्याचंच, कॉनरीला मिळालं तेच. आमच्या आजोबाला काय मिळालं? “अरे, हे तर एसीपी!” असा थिएटरात एक हशा. मला स्वतःला ही भूमिका आवडते, पण पहिल्या क्रमांकाची म्हणणार नाही. सिनेमा सगळ्यांचा आहे, एकट्या आजोबाचा नाही.

‘हापूस’ (२०१०) त्यांचा मुलगा अभिजित साटम याने दिग्दर्शित केला. कोकणातला हट्टी आंबा बागायतदार आणि त्याच्या डोक्यावर बसलेले दलाल. एप्रिल-मेमध्ये अल अवीरच्या बाजारात पेटीच्या भावावरून घासाघीस करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर तो पाहायलाच हवा. आंबा झाडावरून आपल्या ताटात येईपर्यंत पैसा नेमका कुठे मुरतो, ते समजेल. कथा मध्येच सैल पडते, हे मान्य.

पण माझं मत ठाम आहे. पहिला क्रमांक ‘उत्तरायण’चा. बिपिन नाडकर्णी यांचा हा चित्रपट जयवंत दळवींच्या ‘दुर्गी’ नाटकावरून केलेला. २००४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. साटम यात रघू आहेत (पुन्हा रघू! ‘वास्तव’मध्ये मुलगा होता, इथे स्वतः). बायको गेलेली, वय उतरणीला लागलेलं. आणि बऱ्याच वर्षांनी शाळेतली दुर्गी भेटते, नीना कुळकर्णी. तिच्या वाट्याला आयुष्य बरं आलेलं नाही. ‘रॉबिन अँड मॅरियन’चं कौतुक मी करतो ना, त्याच जातीची ही गोष्ट, पण इथे तलवारी नाहीत, किल्ले नाहीत; दोन पिकल्या केसांची माणसं आहेत आणि ‘लोक काय म्हणतील’ आहे. ज्या माणसाला आपण वीस वर्षं हुकूम सोडतानाच पाहिलं, तो इथे एका बाईसमोर मनातलं बोलायला अडखळतो. तो अडखळणं सजवत नाही, आपल्या शेजारचा माणूस अडखळेल तसाच अडखळतो. अशा भूमिकेत उमाळ्याने रडायचा मोह किती नटांना आवरला असता?

तीन वर्षांपूर्वी मी सुचवलं होतं, नकलांऐवजी एका संध्याकाळी ‘उत्तरायण’ दाखवू. उत्तर आलं, “काका, लोक आठवडाभर राबून येतात, रडकं काही नको.” पहिली गोष्ट, तो रडका नाही. दुसरी, आपल्याला रडण्याची भीती नाही, भीती वेगळी आहे.

तेव्हाचीच गोष्ट. आपल्या ओळखीतले एक गृहस्थ, साठी ओलांडलेले, पत्नीला जाऊन चार वर्षं झालेली. नोकरी संपत आली होती, पुण्याला परत जायचं होतं. त्यांनी हळूच सांगितलं, तिकडे एक जुन्या परिचयाच्या बाई आहेत, दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. समोर सगळ्यांनी अभिनंदन केलं. पार्किंगमध्ये गाडीशी आल्यावर मात्र जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही. “या वयात?” हा त्यातला सर्वांत सभ्य शब्द. मीही हसलो होतो. मुलांनी वडिलांशी बोलणं सोडलं, आणि आपण ‘घरगुती बाब’ म्हणून विषय सोडला. त्यानंतर ते मंडळाच्या कार्यक्रमाला आले नाहीत.

इथे आपण सगळेच एक ना एक दिवस परत जाणारी माणसं. मुलं कॅनडात नाहीतर ऑस्ट्रेलियात, आणि आपण डोंबिवलीच्या नाहीतर कोथरूडच्या दोन खोल्यांत. पडद्यावरचा रघू काही परका नाही, आपण दहा वर्षांनी जे होणार तेच तो आहे. एसीपींचं बरं असतं, चाळीस मिनिटांत खुनी सापडतो आणि आपण जेवायला उठतो. दुर्गीसमोर अडखळणारे साटम मात्र आपल्याला विचारतात, त्या रात्री पार्किंगमध्ये तू का हसलास?

कार्यक्रम-समितीच्या येत्या बैठकीत मी ‘उत्तरायण’चं नाव पुन्हा देणार आहे. प्रोजेक्टर माझा, चहा माझ्या खर्चाने. त्या गृहस्थांचा पुण्याचा नंबर माझ्याकडे आहे. हिवाळ्यात ते दोघं आठवडाभर दुबईला येणार आहेत असं कळलंय. मी फोन करणार आहे. तीन वर्षं केला नाही, तेव्हा सुरुवात कशी करायची ते अजून सुचलेलं नाही.