विमा आहे, गोळी नाही

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण पुढे पाच लाखांवर गेले. या वाढीच्या आधारे एक मत हिरिरीने मांडले जाते: एवढा विमा दिल्यावर सरकारने औषधे खरेदी करून गोदामे भरण्याचा खटाटोप सोडावा, खरेदीत नासाडी होते, विमा मात्र थेट रुग्णाला मिळतो. हे मत मुळातच चुकीचे आहे.

योजना पैसे कशाचे देते, हे त्यात पाहिलेलेच नाही. रुग्ण भरती व्हावा लागतो, उपचार यादीतला असावा लागतो, रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे, म्हणजे आरोग्यमित्राकडे, शिधापत्रिका दाखवून नोंद करावी लागते. मग उपचार निःशुल्क होतो आणि घरी गेल्यावर दहा दिवसांची औषधे मिळतात. अकराव्या दिवसाचे काय? मधुमेह दहा दिवसांत आटोपत नाही. मेटफॉर्मिन रोज लागते, रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनही रोज, तीही बहुधा जन्मभर. काही शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुराव्याची सोय योजनेत आहे. पण ज्याला भरती व्हावेच लागले नाही, त्याला तिचा उपयोग नाही. असा रुग्ण केसपेपर काढतो, रांगेत उभा राहतो, औषधाच्या खिडकीत चिठ्ठी सरकवतो आणि चारांतली दोन औषधे ‘बाहेरून घ्या’ असे ऐकून परततो. त्या दिवसाची मजुरी आधीच बुडालेली असते, म्हणून दुकानातून अर्धीच पट्टी घेतली जाते. गोळ्या संपतात, साखर वाढत राहते, काही वर्षांत मूत्रपिंडे निकामी होतात. आता डायलिसिसला मात्र योजना लागू होते! स्वस्त गोळी नाकारून महागड्या आजाराचे बिल भरणे हा राज्याच्या पैशाचा आणि माणसाच्या आयुष्याचाही अपव्यय आहे.

विमा ‘थेट रुग्णाला’ मिळतो हेही खरे नाही. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. खरेदीत नासाडी होत असेल, तर खरेदी सुधारावी. सरकारने अंग काढून घेतले की सेवा आपोआप सुधारते, हा युक्तिवाद शिक्षणापासून एसटीपर्यंत वारंवार झाला आहे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने काय करावे, याचे उत्तर त्यात कधीच नसते.

उत्तर तामिळनाडूत सापडते. तेथे १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ निघाले. जेनेरिक नावाने एकत्रित निविदा, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, वाटपापूर्वी प्रयोगशाळेत तपासणी आणि कोणत्या रुग्णालयाने किती औषध उचलले याची पासबुकात नोंद, अशी त्याची रीत आहे. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे सुरू केली. महाराष्ट्रानेही वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्ये केला. त्या प्राधिकरणाला वेळेवर निधी मिळावा, साठ्याची माहिती लोकांना दिसावी आणि जुनाट आजाराच्या रुग्णाला महिन्याची औषधे गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळावीत. शस्त्रक्रियेसाठी विमा आणि रोजच्या गोळीसाठी सरकारी खिडकी, राज्याला दोन्ही चालवावी लागतील.