विमानांच्या गावात एक मोटारगाडी

विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये मोटारगाडी कशाला हवी? प्रश्न अगदी रास्त आहे. आमची मावशी माझं सगळं लिखाण न चुकता वाचते. ती तर विचारणारच, "अरे, रस्त्यावर गाड्या कमी पडल्या का?" तर मंडळी, आज त्या गाडीची वकिली करायची आहे. पण एका अटीवर. ती अट शेवटाकडे सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाइटगिअर हा मुक्त सिम्युलेटर १९९६-९७ च्या सुमारास सुरू झाला. जगभरचे लोक नोकरीधंदा सांभाळून, रात्री जागून तो घडवत आले आहेत. परवाना जीपीएल, म्हणजे फुकट घ्या, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. प्रत्येक विमानाची एक स्वतंत्र फोल्डर असते. तिच्यात त्रिमितीय आकृती, आवाज आणि विमानाचं वजन, पंख, चाकं यांची माहिती देणाऱ्या एक्सएमएल फायली. गंमत म्हणजे या विमानांच्या यादीत एक उडती तबकडीही आहे! वैमानिक नसलेल्यांना भूप्रदेश बघत हिंडायला ती फार सोयीची. आता तबकडी चालते म्हटल्यावर गाडीनेच काय घोडं मारलंय?

गाडी बनवायची युक्ती ऐकण्यासारखी आहे. सिम्युलेटरच्या लेखी गाडी म्हणजे पंख नसलेलं विमान. पंखांची सगळी गणितं काढून टाकायची, फक्त हवेचा विरोध ठेवायचा. चाकं विमानाला असतातच. विमानाच्या हालचालींचं गणित करणारा जेएसबीसिम नावाचा जो भाग आहे, त्यात प्रत्येक चाकाची जागा, स्प्रिंगचा ताठरपणा, धक्का शोषायची ताकद, घर्षण आणि चाक किती अंशांत वळतं हे लिहून देता येतं.

इथे पहिली अडचण. साध्या सेस्नाला चाकं तीन. तिवई कशीही ठेवा, डुगडुगत नाही. चौरंगाचं तसं नसतं. चौथं चाक आलं की कुठल्या चाकावर किती भार हे स्प्रिंगच ठरवणार. १००० किलोची गाडी धरली तर एका चाकावर साधारण २५० किलो. त्या भाराने स्प्रिंग १० सेंटिमीटर दबावी असं वाटत असेल तर ताठरपणा मीटरला सुमारे २४,५०० न्यूटन. हिशेब शाळेतला, पण चुकला की गाडी बेडकासारख्या उड्या मारते. कारण संगणक हे गणित सलग करत नाही, सेकंदाला १२० वेळा करतो. स्प्रिंग फार ताठ असेल तर दोन हिशेबांच्या मध्ये चाक जमिनीत थोडं जास्त घुसतं, आणि पुढच्या हिशेबात असा काही जोर मिळतो की गाडी थेट वर!

दुसरी अडचण जास्त मूलभूत. विमानाचं चाक फक्त वजन पेलतं, ब्रेक लावतं आणि वळतं. ते इंजिनाने फिरत नाही. विमान पुढे जातं ते पंख्याने किंवा जेटने. मग गाडी पुढे कशी न्यायची? मागच्या आसाजवळ एक अदृश्य जेट लावायचं. बाहेरून बघणाऱ्याला गाडी चालली आहे असं वाटतं, खरं तर मागून कुणीतरी ढकलतंय. त्यामुळे गाडी उसळून हवेत गेली तरी तिचा वेग वाढतच राहतो :) आणि वेग दिसतो नॉट्समध्ये. ६० नॉट्स म्हणजे ताशी १११ किलोमीटर, हे ध्यानात ठेवून वळण घ्यायचं.

हे सगळं करून मिळतं काय? माझ्या मते जमीन मिळते. विमानातून सगळंच छान दिसतं. गाडीतून खरं दिसतं. सिम्युलेटरमधले डोंगर बव्हंशी २००० सालच्या अंतराळयानाच्या मोजणीतून आले. त्या माहितीत आपल्याकडच्या दोन बिंदूंमध्ये बरीच वर्षं सुमारे ९० मीटरचं अंतर होतं. रस्ते ज्या नकाशावरून घेतले होते त्याचं प्रमाण दहा लाखाला एक, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक किलोमीटर! खंडाळ्याच्या घाटातली वळणं अशा नकाशात कशी टिकणार? तीस हजार फुटांवरून कुणाला काही कळायचं नाही. पुढे बारीक मोजणी आणि ओपनस्ट्रीटमॅपची माहिती आली, चित्र सुधारलं. पण जमिनीतले दोष सापडायला जमिनीवरूनच जावं लागतं. आणि विमानतळ तरी नुसता विमानांचा कुठे असतो? विमानाला वाट दाखवणारी गाडी, इंधनाचा टँकर, विमान ढकलणारा ट्रॅक्टर, ही सगळी मंडळी तिथलीच.

"त्यापेक्षा शर्यतीचा सिम्युलेटर घ्या की," असं कुणी म्हणेल. टॉर्क्स नावाचा मुक्त सिम्युलेटर आहे, आणि टायरचं गणित त्यात कितीतरी सरस. पण त्यात ट्रॅक असतो, पृथ्वी नसते.

आता ती अट. गाडी आपल्या फोल्डरमध्ये राहते तोवर तिने कुणाची परवानगी मागायची गरज नाही. पण गाडीसाठी चाकांचं मूळ गणितच बदला असं म्हटलं, की प्रश्न दुसऱ्यांच्या वेळेचा होतो. तेच गणित इतर अनेक विमानांच्या लँडिंगलाही वापरलं जातं. गाडीची उडी बंद करताना कुणाचं सेस्ना धावपट्टीवर घसरायला लागलं तर ते निस्तरणारे हात मोजकेच, आणि तेही बिनपगारी. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. जो बदल विमानालाही उपयोगी, उदाहरणार्थ ओल्या धावपट्टीवरचं घर्षण, तो मूळ गणितात जावा. गिअरबॉक्स आणि क्लच मात्र गाडीवाल्याने आपल्याच घरात ठेवावेत.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांची मोजणी शून्यापासून होते, आणि ते शून्यावं स्वातंत्र्य म्हणजे प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी वापरण्याचं. त्यात "शहाण्या कामासाठी" असं लिहिलेलं नाही. आज गमतीने गाडीची चार चाकं जुळवणाऱ्या पोराला बल, स्प्रिंग आणि घर्षण कळलेलं असतं. उद्या त्याने एखादं चांगलं विमान बनवलं तर नवल नाही. नाही बनवलं तरी काय बिघडलं? गाडी तर चालली ना!