चित्रांना कर्जतची गाडी मिळत नाही काय?

चित्रे आम्हां गावकऱ्यांना कळत नाहीत, म्हणून ती इकडे येत नाहीत, असे म्हणतात. मी म्हणतो, येत नाहीत म्हणूनच कळत नाहीत! १९५० साली मुंबईचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आणि कलकत्ता ग्रुप या चित्रकारांच्या दोन संघांनी कलकत्त्यात एकत्र प्रदर्शन भरवले. त्यांतले आरा एके काळी मोटारी धूत असत. कलेला पदवी लागते कुठे? चित्रे कलकत्त्याला पोचली. शंभर किलोमीटरवरचे कर्जत मात्र दूर! खालापूरचे माझे विद्यार्थी चित्रकलेच्या परीक्षा देतात, पण खरे तैलचित्र त्यांनी पाहिलेले नसते. कलावंतहो, शाळेची भिंत आमची, खिळेही आमचे. एकदा या, मग आमची समज काढा!