नळ धावत आहे

इंग्रजी भाषेचं कौतुक करायला इंग्रज लागत नाही. त्या कामाला आपले लोक पुरून उरतात. माणूस चार इयत्ता इंग्रजी शिकला की त्याला दोन साक्षात्कार होतात. पहिला असा, की इंग्रजी भाषा फार समृद्ध आहे. दुसरा असा, की मराठी तशी नाही. तिसऱ्या साक्षात्काराला थोडा विचार करावा लागतो, म्हणून तो सहसा होत नाही.

आमचे पुण्याचे मेहुणे याच संप्रदायातले. ते आमच्याकडे बल्लारपूरला फक्त हिवाळ्यात येतात. (उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यात स्वखुशीने येतो तो फक्त सूर्य.) यंदा ते ऑक्सफर्डचा हवाला घेऊनच गाडीतून उतरले. हातपाय धुण्याआधीच म्हणाले, "भाऊजी, नुसत्या 'रन' या क्रियापदाला किती अर्थ असावेत? ६४५! आहे का तुमच्या मराठीत असं एक तरी क्रियापद?"

बोलताना मराठी 'तुमची' होते, हे ध्यानात घ्या. बाकी माहिती खरी आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली आणि 'रन' त्याच्याही पुढे धावला. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना या एका शब्दापायी नऊ महिने लागले. तेवढ्या वेळात आपल्याकडे अख्खा माणूस जन्माला येतो, पण ते असो.

माझं भांडण त्या ६४५ शी नाही, त्यावरून काढलेल्या निकालाशी आहे. इंग्रजाच्या घरात माणूस धावतो, तसा नळही धावतो. सर्दी झाली की नाक धावतं. साडी भिजवली की रंग धावतो. रस्ता नदीकडे धावतो, नाटक शंभर रात्री धावतं आणि मालक कारखाना धावडवतो. मराठीत नळ सोडलेला असतो, नाक वाहतं, रंग जातो, नाटक चालतं. आता सांगा, श्रीमंत कोण? ज्या घरात एकच पातेलं असतं तिथे चहा त्यातच, वरण त्यातच आणि आंघोळीचं पाणीही त्यातच तापतं. त्याला आपण भांड्यांची श्रीमंती म्हणत नाही.

तरीही इंग्रजीला दरिद्री म्हणण्याची घाई मी करणार नाही. कारण तसलं एक पातेलं आमच्याही घरात आहे. त्याचं नाव 'चालणे'. माणूस चालतो आणि गिरणीही चालते. दुकान चालतं, खटला चालतो, नाणं चालतं, श्वास चालतो. कुणाचा हात चालतो, कुणाचं तोंड चालतं, पुष्कळांचं डोकं चालत नाही आणि घरात तर आपलं काहीच चालत नाही. चहात साखर कमी असली तरी चालते. एखादा गृहस्थ जागचा हलत नाही, तरी तो 'फार चालू' असतो!

बल्लारपुरात तर या क्रियापदावर गावाचं पोट आहे. इथल्या पेपर मिलची कंपनी १९४५ साली स्थापन झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू यायचा, शिजायचा आणि कागद होऊन देशभर जायचा. त्यामुळे 'मिल चालू आहे ना?' हा इथे कुशलप्रश्न. मिल चालली की दुकान चालतं, दुकान चाललं की उधारी चालते. 'चालू' आणि 'बंद' या दोन शब्दांत मावणारी सुखदुःखं कोणत्याही शब्दकोशाला मोजता येणार नाहीत. मग त्याला नऊ महिने द्या की नऊ वर्षं.

नागपूरला सीताबर्डीच्या फूटपाथवर मी एकदा खिशात मावणारा इंग्रजी-फ्रेंच कोश घेतला होता. घेताना फ्रान्सला जायचा विचार नव्हता. नऊ रुपयांत फ्रान्सच घरी येत होतं. मेहुण्यांसमोर तो उघडला. फ्रेंच माणूस धावतो तेव्हा 'कुरीर', पण त्याचं नाक 'कूले', म्हणजे वाहतं, अगदी आपल्यासारखं. कंपनी तो 'दिरिझे' करतो, म्हणजे तिला दिशा देतो. आणि यंत्र? फ्रेंचांचं यंत्र 'मार्शे' करतं. मार्शे म्हणजे पायी चालणे! इतकंच नाही, तर पॅरिसच्या हॉटेलात काही मागवलं की वेटर म्हणतो, 'सा मार्श!' शब्दशः अर्थ 'हे चालतं', भावार्थ 'चालेल साहेब!' हे वाचलं आणि पॅरिस मला एकदम राजुऱ्याइतकं जवळ वाटायला लागलं.

राजुऱ्याचं नाव उगीच घेतलं नाही. वर्धा नदी ओलांडली की राजुरा. एके काळी तिथे निजामाचा अंमल होता. त्यामुळे आमच्या बाजारात मराठीबरोबर हिंदी आणि तेलुगूही भाजीसारख्याच विकायला असतात. हिंदीवाला म्हणतो, 'चलता है.' तेलंगणातून आलेला म्हणतो, 'नडुस्तदि' - तेही पायी चालणंच. म्हणजे मराठी चालते, हिंदी चालते, तेलुगू चालते, फ्रेंचसुद्धा चालते. आमच्या ओळखीपाळखीत एक इंग्रज तेवढा पळत सुटलेला. आणि रेल्वेच्या मोठ्या जंक्शनावर ड्रायव्हर-गार्ड मंडळी जिथे पांघरूण घेऊन घोरतात, त्या खोलीला तो 'रनिंग रूम' म्हणतो!

निवडणुकीत बघा. अमेरिकेतला उमेदवार धावतो, इंग्लंडातला उभा राहतो, फ्रान्समधला 'स प्रेझांते' म्हणत स्वतःला सादर करतो. आपला उमेदवार आधी उभा राहतो, मग त्याला कुणीतरी बसवतो, नाही बसला तर तो पडतो आणि चुकून निवडून आलाच तर पाच वर्षं दिसत नाही. या सगळ्यांना अर्ज भरणं एकच माहीत आहे. तिथे पायांचं काय करायचं हे ज्याची-त्याची भाषा ठरवते.

तर सांगायचा मुद्दा असा: अर्थ हा शब्दाच्या खिशात नसतो, सोबतीत असतो. 'नाक' शेजारी आलं की 'रन' म्हणजे वाहणे, 'कारखाना' आला की चालवणे, 'साडी' आली की रंग जाणे. प्रत्येक भाषेत अशी दहा-पाच कामसू क्रियापदं असतात. ती गड्यासारखी पडेल ते काम करतात. त्यांच्यावरून कोणती भाषा श्रीमंत आणि कोणती गरीब हे ठरत नाही.

हे न कळल्यामुळे काय होतं, ते रोज स्टेशनवरच्या भोंग्यातून ऐकू येतं. गाडी म्हणे 'उशिराने धावत आहे'. ती तर तासभर सिग्नलबाहेर उभी आहे! हिंदीतला भोंगा निदान 'देरी से चल रही है' म्हणतो. मराठी भाषांतरकाराने मात्र 'रन म्हणजे धावणे' हे लहानपणी घोकलेलं. तो बिचारा उभ्या गाडीलाही पळवतो.

पण भोंग्याचं हसू येतं, शाळेचं येत नाही. आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. 'द टॅप इज रनिंग' याचं त्याने भाषांतर केलं होतं, 'नळ धावत आहे.' त्याला बरोबरची खूण होती! मागच्या पानावर निबंध होता. त्यात त्याने लिहिलं होतं, 'बाहेर पाऊस येऊन राहिला. मला शाळेत जा लागते.' त्यावर लाल गोळा आणि शेरा, 'असे चालत नाही.'

आता इथे माझा संयम सुटतो. जन्मात कुणी न पाहिलेला धावता नळ बरोबर, आणि सगळ्या गावाने ऐकलेला, डोळ्यांपुढे पडणारा पाऊस चूक? विदर्भात सगळे असंच बोलतात. 'काय करून राहिला?' 'जेवून राहिलो.' अर्थाबद्दल कुणाला कणभर शंका येत नाही. फ्रेंच माणसालाही जेवताना मुद्दाम 'आत्ता' सांगायचं असलं, तर 'आं त्रँ द' अशी तीन शब्दांची वळकटी सोडावी लागते. ती घोकताना मेहुण्यांसारखी मंडळी 'काय नजाकत!' म्हणतील. आमच्या 'राहिलो'ला मात्र 'अशुद्ध!'

आणि 'जा लागते'चं काय? तुमच्याकडे भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, घाटात एस.टी. लागते, गाडी फलाटाला लागते आणि एखादा भलताच गृहस्थ तुमचा काका लागतो. एवढी लागालागी तुम्हाला चालते. आमच्या 'जा लागते'त आणि तुमच्या 'जावं लागतं'त फरक तो काय? एका 'वं'चा! तेवढाच नेमका तुमच्या कानाला लागतो.

शाळेत प्रमाण मराठी शिकवू नका, असं मी म्हणत नाही. जरूर शिकवा, अर्जाला, परीक्षेला, पुस्तकाला ती लागतेच. पण 'इथे असं लिहितात' आणि 'तू चूक बोलतोस' या दोन वाक्यांत महदंतर आहे. पहिल्याने पोराला एक भाषा जादा मिळते. दुसऱ्याने हातची जाते. मग तो घरात आईशी बोलायला लाजतो आणि वर्गात बोलायला घाबरतो. अशा मुक्या पोराला 'रन'चे सगळे अर्थ पाठ करवलेत, तरी तो ते कुणाला सांगणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. शब्दाला एक अर्थ चिकटवून घोकून घेणं बंद करा. शब्द वाक्यात, सोबतीत शिकवा. आणि ज्या न्यायाने साहेबाच्या 'रन'ला ६४५ अर्थ माफ आहेत, त्याच न्यायाने आमच्या 'राहणे'ला एक, फक्त एक, जादा अर्थ मंजूर करा. बल्लारपूरचा कागद तुम्हाला वर्षानुवर्षं चालला; कुणी सांगावं, ज्या व्याकरणातून तुम्ही आम्हाला चूक ठरवता तेही इथल्याच बांबूवर छापलेलं असेल! आता इथलं क्रियापदही चालवून घ्या.

आणि नाही चाललं तुम्हाला, तरी ते इथे चालूनच राहिलं आहे.