आधी रडवतील, मग देतील, मग मारतील

साम, दाम, दंड, भेद. ह्या देशात माणूस वाकवायचं सगळं शास्त्र एवढ्या चार शब्दांत बसतं. शाळेत मास्तर हे शब्द मोठ्या कौतुकानं सांगायचे. राजकारणातलं चातुर्य म्हणे! पण हे उपाय ज्याच्या पाठीवर चालले त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला कसे लागले? ते आपणच सांगायचं. वळ आपल्या पाठीवर आहेत.

कुणी म्हणेल, दंड वाईट, दाम लबाड. पण साम तर चांगला, साम म्हणजे समजूत. थांबा. कौटिल्यानं अर्थशास्त्रात सामाचे पाच प्रकार दिलेत. समोरच्याचे गुण गा. नातं सांग. एकमेकांच्या उपकारांची आठवण दे. पुढच्या फायद्याची आशा दाखव. आणि मी तुझाच आहे असं म्हण. पाचांत एक तरी असा आहे का, की बस, बोलू, खरं काय खोटं काय तपासू? नाही. साम म्हणजे डोळ्यांत पाणी आणायची कला. डोळे भरले की माणसाला हिशोब दिसत नाही.

धर्मानं हेच केलं. छांदोग्य उपनिषद सांगतं, चांगलं वागलास तर ब्राह्मण, क्षत्रिय नाहीतर वैश्य योनीत जाशील. वाईट वागलास तर कुत्र्याच्या, डुकराच्या नाहीतर चांडाळाच्या. बक्षीस आणि शिक्षा, दोन्ही मागच्या-पुढच्या जन्मात. तपासायला जाणार कोण? हिशोबाची वही त्यांच्याकडं, अंगठा आमचा. बक्षीस मेल्यावर, शिक्षा मात्र रोज.

आता दाम बघा. महारवतन हे त्याचं नमुनेदार उदाहरण. थोडी जमीन, थोडं बलुतं, आणि त्या बदल्यात रात्रंदिवस गावकी-सरकारी वेठ. आपल्या आज्या-पणज्यांना वतनाचा अभिमान वाटायचा. आमचा हक्क आहे म्हणायचे. बाबासाहेबांनी ओळखलं की हा हक्क नाही, हा गळफास आहे. १९२८ साली त्यांनी मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. वतन कायद्यानं जायला मात्र १९५८ साल उजाडलं. बक्षिसाची हीच गंमत असते. मार खाणाऱ्याला मार दिसतो. भाकर खाणाऱ्याला दावं दिसत नाही.

आणि भाकर नाकारली की दंड तयार. सरकारनं १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट कमिटीत बाबासाहेब स्वतः होते. १९३० च्या अहवालात कमिटीनं लिहून ठेवलंय की अस्पृश्यानं आपला हक्क बजावला की गाव त्याची कसायची जमीन काढून घेतं, काम बंद करतं, गावकीचं वेतन थांबवतं, वाणी मीठमिरची देत नाही. काठी न उचलता माणूस मारायची ही रीत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो २०१६ चा. अहवालानंतर शहाऐंशी वर्षांनी!

पण ह्या सगळ्या उपायांचा एकत्र प्रयोग बघायचा असेल तर १९३२ चा सप्टेंबर वाचा. ऑगस्टात मॅक्डोनल्डचा निवाडा आला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. म्हणजे माणशी दोन मतं. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्यात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. त्यावर वाद झाला का, की स्वतंत्र मतदारसंघानं अस्पृश्याचं भलं होतं का वाईट? मुख्य प्रश्न तो राहिलाच नाही. प्रश्न झाला, महात्मा जगणार का मरणार? हा साम. निवाड्यातल्या ७१ जागांच्या ठिकाणी १४८ राखीव जागा. हा दाम. आणि म्हातारा गेला तर खेड्याखेड्यातल्या आपल्या वस्त्यांचं काय होईल, हे सगळ्यांना ऐकू येत होतं. हा दंड. २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या. फक्त पाच दिवस! जागा दुपटीनं वाढल्या आणि आपला माणूस आपण निवडायचा अधिकार गेला. आजही राखीव जागेवरनं निवडून आलेला माणूस आपल्या वस्तीत अत्याचार झाला की गप्प बसतो, तेव्हा त्या पाच दिवसांचा हिशोब करा.

मी गोदीत ठेकेदाराकडं काम करतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. माझ्या ठेकेदारानं कौटिल्य वाचलेला नाही, पण त्याला सगळा पाठ आहे. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार, आम्हाला पेढे, निळा फेटा बांधून भाषण, तुम्ही माझी माणसं. नंतर टोळीतल्या एकानं पीएफचं विचारलं तर चार दिवस पाळी नाही. जो गप्प बसला त्याला ओव्हरटाइम. यूपीच्या पोरांना सांगतो, हे कोट्यावाले तुमचं काम खातात. आम्हाला सांगतो, ते स्वस्तात करतात म्हणून तुमचा भाव पडतो. झाले की चारही उपाय! आणि त्यातला सगळ्यात धारदार कुठला, तर तो हार. शिवी दिली असती तर आम्ही हूक खाली टाकून उभे राहिलो असतो. हाराच्या समोर हात जोडले जातात.

मग काय, भावना वाईट? नाही. राग ही भावनाच आहे आणि त्याच्याशिवाय मी कवितेची एक ओळ लिहू शकत नाही. प्रश्न एवढाच की भावना विचाराच्या मागून येते का विचाराच्या जागी येऊन बसते.

दुसरी रीत आपल्याच घरात आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेत एकेक मुद्दा काढून, आक्षेप घेऊन, उत्तर देऊन माणसांपुढं मांडलं आणि शेवटी बुद्धाचं सांगणं ठेवलं की स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. घोषणेपासून एकवीस वर्षं थांबले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं आली. काय मिळणार होतं त्यांना? केंद्राच्या सवलती उलट जाणार होत्या. १९५० च्या आदेशात बौद्धाला जागा नव्हती. ती १९९० ला मिळाली. बावीस प्रतिज्ञा वाचा. मोडलीस तर नरकात जाशील, असं एकीतही नाही. ना लालूच, ना धमकी. तोट्याचा सौदा, आणि माणसं रांगेनं आली. कारण त्यांना पटलं होतं. जगात ह्याहून मोठं मन वळवणं मला दाखवा.

म्हणून, पोरांनो, कुणी रडवायला लागला की विचारा, मुद्दा काय? कुणी द्यायला लागला की विचारा, बदल्यात काय? कुणी धमकी दिली तर ओळखा, ह्याच्याकडचा मुद्दा संपला. आणि हे तिन्ही प्रश्न निळा झेंडा हातात घेऊन आलेल्यालाही विचारा. आपल्या नावानं हार घालणारे आता आपल्यातही कमी नाहीत.